उपडा गिलास

गिरणीत लाइट नव्हती. दोन हजार सहाच्या त्या उन्हाळ्यात कळमनुरीत लाइट गेल्याचं कुणाला नवल वाटत नसे. आली की मात्र पोरं ओरडत. संध्यानं ज्वारीचा डबा रांगेत ठेवला, "मिरच्या घेऊन येते" म्हणून गिरणीवाल्याला सांगितलं आणि ती बाजाराकडे वळली. बाजाराचा दिवस होता. उन्हं कलली होती, लाल मिरचीचा खकाणा नाकात जात होता, आणि सगळे एकाच वेळी शिंकत आणि भाव करत होते. संध्याही खाली बसून मिरच्या निवडत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच हाक मारली.

"बेटी..."

खाजा मिया उभे होते. हातात चहापत्तीचा पुडा, खांद्यावर तोच चौकड्यांचा रुमाल. संध्यानं पाहिलं आणि मान फिरवली. ज्यांची तोंडं जन्मात पाहायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं, त्यांतलंच हे एक तोंड.

"एकच बात सांग, बेटी. तू इतक्यात माळावर आलती का?"

"मला तिथं कोण येऊ देतं, चाचा?"

"आलती का, तेवढं सांग."

"न्हाई."

म्हाताऱ्याच्या हातातला पुडा चुरगळला. चहापत्ती बोटांतून खाली सांडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग तुझा गिलास रोज उपडा कोण करून राहिलं?"

आता ही गिलासाची काय भानगड, ते आधी सांगायला हवं.

कळमनुरीच्या पलीकडे, कयाधू नदी जिथं मोठं वळण घेते, तिथं सोनवाडीचा माळ आहे. निजामाच्या काळात कुणा बड्या साहेबाचं विमान उतरावं म्हणून तिथं पट्टी केली होती म्हणे. साहेब गेला, निजाम गेला, आणि पट्टीवर शेरडं चरू लागली. पुढे देशात विमान कंपन्यांचं पीक आलं, पायलट पुरेनात म्हणून ओरड झाली, तेव्हा कुण्या हुशार माणसानं त्या पट्टीला डांबर फासून विमान शिकवायची शाळा काढली. जेमतेम दोन माणसं बसतील अशी दोन पांढरी विमानं, पत्र्याची शेड, एक खोली आणि खोलीत रेडिओ. टॉवर वगैरे काही नाही. वर कोण आहे आणि कुठं आहे, हे एकमेकांना सांगायचं, आणि त्या सांगण्यावर जीव टाकून उतरायचं.

म्हणून शिकवणारे कॅप्टन पहिल्याच दिवशी एक नियम घोकून घेत. नदी कायम डाव्या हाताला. जाताना डाव्या, येताना डाव्या. म्हणजे जाणारा या काठावरून जातो, येणारा त्या काठावरून येतो. समोरासमोर गाठ पडायचं कारणच राहत नाही. रेडिओपाशी शिकणाऱ्यांपैकीच कुणीतरी पाळीनं बसे. इंग्रजीतच बोलायचं असा दंडक होता, पण कॅप्टन जवळ नसले की पोरी बिनधास्त मराठीत बोलत.

खाजा मिया तिथले राखणदार. विमान उतरायच्या आधी भोंगा वाजवून शेरडं हाकलायची, ही त्यांची नोकरी; आणि चहा करायचा, ही हौस. रेडिओच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर प्रत्येकाचा आपापला काचेचा गिलास. जो वर गेला त्याचा गिलास खाजा मिया उपडा ठेवत. तो उतरला की सुलटा करून त्यात चहा ओतत. "गिलास सुलटा झाल्याबिगर माणूस उतरला न्हाई," असं ते म्हणत. सगळे हसत, पण आपला गिलास आपल्या हातानं सुलटा करायची हिंमत कॅप्टननंही कधी केली नाही.

संध्या ही एसटी कंडक्टर रामजींची पोरगी. शीतल त्याच गल्लीतली, चार घरं पलीकडची. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, एका सायकलवर डबल सीट फिरलेल्या. सरकारी योजनेत दोघींची नावं लागली तेव्हा अख्ख्या गल्लीनं निळ्या पताका लावल्या होत्या. एकीला ताप आला तर दुसरीची आई काढा आणून द्यायची, इतकं ते एकच घर. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

थंडी सरता सरताची एक दुपार होती. संध्या एकटी उडून परत येत होती. नदी डाव्या हाताला. रेडिओवर शीतलची पाळी.

"शीतल, वर कोण आहे?"

"वर कोणी नाही, संधे. निवांत ये."

संध्या निवांत आली. वळणावरच्या काळ्या डोहावर होती, तेवढ्यात उन्हाच्या तिरपेतून एक पांढरं विमान तिच्याच काठानं, तिच्याच उंचीवर, तिच्या तोंडासमोर आलं. विचार करायला वेळ नव्हता. तिनं दांडा पुढे ढकलला, विमानानं खाली तोंड घातलं, आणि वरून ती चाकं इतक्या जवळून गेली की पोटाखालचे तेलाचे डाग तिला दिसले. कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. तशीच खोलीत आली, तर फळीवर दोन गिलास उपडे. एक तिचा, एक कॅप्टनचा.

थोड्या वेळानं शेडच्या मागून कॅप्टन आले, रुमालानं मान पुसत. खाजा मियांनी मुकाट्यानं त्यांचा गिलास सुलटा केला आणि चहा दिला. संध्या ओरडत होती, रडत होती. त्या गोंधळात तिचा गिलास तसाच उपडा राहिला. त्या दिवशी तिला चहा मिळालाच नाही.

पुढे वरून चौकशीला साहेब आले. कॅप्टन म्हणाले, दुसरं विमान शेडमध्येच होतं. खाजा मिया पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "मेरेकू याद न्हाई, साहेब." आता सगळा भार शीतलवर होता. संध्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताकडे कुणी पाहतं का, तो आपलाच असतो. शीतल म्हणाली, "वर कोणी नव्हतं. फक्त संध्या."

झालं. पोरीला नसलेलं दिसतं, उडण्यास अयोग्य, असा शेरा बसला आणि संध्या घरी आली. परक्यानं मारलं तर माणूस बोंब तरी मारतो. आपल्यानं केसानं गळा कापला की आवाजच निघत नाही. संध्याचा निघाला नाही. ती गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊ लागली, दळणं आणू लागली, आणि आकाशात घरघर झाली की घरात जाऊन दार लावू लागली.

तर, बाजारात.

"दुसऱ्या दिवशीच तुझा गिलास सुलटा केला मी," खाजा मिया म्हणाले. "सकाळी पाहिलं तर उपडा. खोलीला कुलूप लावलं, तरी उपडा. आता सांज झाली की घरघर ऐकू येते, बेटी. दोन्ही विमानं शेडमंदी, अन् वर घरघर. मी भोंगा वाजवत न्हाई, तरी शेरडं आपणहून पट्टीवरून उठतात. अन् रेडिओवर..."

"काय?"

"तुझा आवाज. 'शीतल, वर कोण आहे?' बस, इतकंच. रोज. शीतल कान दाबून बसते. वर गेली तर तिला त्या डोहापाशी समोरून कोणीतरी येताना दिसतं. बराबर तिच्याच काठानं." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "मैं बुड्ढा माणूस, नौकरीला भ्यालो. तू एकदा चल. तू जिती हायस, हे तिला दिसू दे."

"कुणाला?"

खाजा मियांनी नुसतं वर बोट केलं.

संध्या गेली नाही. मिरच्या घेतल्या, दळण घेतलं, घरी आली. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं होतं. शीतल भीतीनं कान दाबून बसते, हे ऐकून खूप दिवसांनी तिला भूक लागली.

रात्री जेवताना तिची आई पद्माबाई सहज म्हणाली, "तू सांजच्याला झोपत नको जाऊ, बाई. झोपेत शीतलला काहीतरी इचारून राहिली तू. अन् हात कसा, असा मुठीत. काही धरल्यावाणी."

संध्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मागच्या दाराची कडी वाजली. शीतल होती. डोळ्यांखाली काळं पडलेलं, ओठ सुकलेले. आत ये म्हणायच्या आधीच ती मोरीपाशी मटकन खाली बसली.

"संधे, तो आवाज बंद कर."

"मी काय करून राहिले?"

"तुझाच हाय तो. मी काय तुझा आवाज वळखत न्हाई?"

"मग उत्तर दे ना. काय इचारते ती? वर कोण आहे, एवढंच ना?"

शीतल गुडघ्यांत तोंड घालून रडली. मग सगळं बोलली. शाळेच्या मालकाच्या पाहुण्याला गाव दाखवायला कॅप्टन त्या दिवशी वर गेले होते, परवानगी नसताना. पाहुण्याला पलीकडचा काठ बघायचा होता, म्हणून नदी उजव्या हाताला घेतली. जाताना शीतलला सांगून गेले, माझं नाव रेडिओवर यायला नको. "मला वाटलं, ते तुला बघतीन. मला वाटलं, काय होतंय..."

"अन् साहेबापुढं? तवा काय वाटलं?"

"तवा... माझीबी परीक्षा राहिली होती, संधे."

संध्या हसली. ते हसणं ऐकून शीतल मागं सरकली.

"रेडिओवर सांग," संध्या म्हणाली. "ती इचारील तवा, सगळ्यांसमोर खरं सांग. कॅप्टन होते म्हण. मला दुसरं काही नको, शीतल. मी येडी न्हाई, एवढं कुणीतरी एकदा म्हणा."

"सांगते. आईची आन. उद्या परीक्षा हाय, ती झाली की सांजच्याला ये. तुझ्यासमोर सांगते."

आईची आन घेतली की त्या गल्लीत पुढे बोलायची पद्धत नव्हती. संध्यानं दार लावलं. त्या रात्री तिला एवढंच कळलं, की तिचा अजून शीतलवर विश्वास आहे. त्याचीच तिला चीड आली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जीपमधून उतरून ती माळानं चालत निघाली, तेव्हा सूर्य टेकला होता. वारा पडला होता. तापलेल्या डांबराचा आणि पेट्रोलचा तो ओळखीचा वास आला. खोलीत पेढ्यांचा पुडा उघडा होता. शीतल पास झाली होती. दोन्ही विमानं शेडमध्ये दोरानं बांधून ठेवलेली. फळीवर सगळे गिलास सुलटे, एकच उपडा. खाजा मिया कोपऱ्यात स्टोव्हपाशी बसले होते. त्यांनी संध्याला पाहून नुसता हात छातीला लावला. कॅप्टन दारात टेकून उभे. त्यांनी संध्याकडे पाहिलं आणि जणू भिंत पाहिल्यासारखी नजर पुढे नेली.

अंधारून आलं. लाइट नव्हतीच, कंदिलाची काच तडतडत होती.

मग पट्टीवरची शेरडं उठली. एक बें नाही, बूं नाही. सगळी एकदम उठली आणि बाजूला झाली.

घरघर नदीकडून आली. आधी इतकी बारीक, की आपल्याच कानातली वाटावी. मग जवळ. मग अगदी जवळ. रेडिओत खरखर झाली.

"शीतल, वर कोण आहे?"

संध्याच्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नव्हे. तिला वाटलं होतं, तो आवाज सूडानं पेटलेला असेल. तो तसा नव्हताच. त्यात हसू होतं. उडून आल्यावर गरम चहा मिळणार, मैत्रीण खाली वाट बघते आहे, असा तो निर्धास्त आवाज होता. गेल्या थंडीतला तिचा स्वतःचा. काहीच घडलेलं नाही असा. वर जी कोणी फिरत होती, तिला अजून कुणी फसवलंच नव्हतं. संध्याला त्या पोरीची फार माया आली.

"सांग," ती शीतलला म्हणाली. "सांग गं तिला... कोण हाय समोर. सावध तरी कर."

शीतलनं माईक उचलला. दारात कॅप्टननं काही केलं नाही. नुसती टोपी काढली, आत फुंकर मारली आणि पुन्हा घातली. शीतलनं त्यांच्याकडे पाहिलं. पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. संध्याकडे मात्र पाहिलं नाही.

तिनं बटण दाबलं.

"वर कोणी नाही, संधे," ती म्हणाली. "निवांत ये."

तेच शब्द. तोच सूर. संध्याला वाटलं, कुणीतरी छातीतला शेवटचा तंतू हातानं तोडून घेतला.

"बरं," रेडिओ म्हणाला. "येते."

घरघर खाली आली. पट्टीवर काही दिसत नव्हतं. पण शेरडांच्या मधल्या मोकळ्या जागेतून धुळीच्या दोन रेघा उठल्या, लांबत लांबत खोलीपर्यंत आल्या, आणि थांबल्या. सगळं गप्प झालं. कंदिलाची ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

खाजा मिया सवयीनं उठले. उपड्या गिलासाला त्यांनी हात लावला. तो सुलटा झाला आणि सुलटाच राहिला. त्यांनी त्यात चहा ओतला. कुणी हलेना, तेव्हा संध्याच पुढे झाली, गिलास उचलला आणि उभ्या उभ्या तो चहा प्यायली. तिच्या वाट्याचाच होता. मग माळ तुडवत निघून आली. त्यानंतर ती सांजेला कधी झोपली नाही आणि झोपेत कधी बोलली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच सकाळी शीतल एकटी वर गेली. खाजा मियांनी तिचा गिलास उपडा ठेवला. आभाळ निरभ्र, वारा नाही, समोर कोणी आलं नाही. वेळेवर उतरली, हसत खोलीत आली. म्हातारा गिलास सुलटा करायला गेला, तर गिलास उठेना. दोन्ही हातांनी ओढला तरी फळीवरून निघेना. "राहू द्या," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिलासात चहा घेतला. एक घोट घेऊन तसाच ठेवला. पुन्हा तिनं कधी चहाला हात लावला नाही, असं खाजा मिया सांगतात.

शाळा वर्षा-दोन वर्षांत बंद पडली. शीतलला मोठ्या शहरात मोठ्या विमानावर नोकरी लागली. जयंतीला ती गावी आली तेव्हा गल्लीनं पुन्हा पताका लावल्या. मिरवणुकीत ती संध्यासमोर आली, छान हसली आणि म्हणाली, "जयभीम, ताई. तुम्ही इथंच राहता का?"

तिची आई शेजारीच उभी होती. लेकीच्या यशानं तिचा चेहरा फुलायला हवा होता. तो फुललेला नव्हता. तिनं संध्याचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "तुला कशी वाटते गं ही?"



त्याच उन्हाळ्यात खाजा मिया घरी आले. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. माळावरची खोली पाडत होते, म्हणून त्यांनी फळीचा तेवढा तुकडा करवतीनं कापून आणला होता, आणि त्यावर शीतलचा तो गिलास, उपडाच. आतून काचेला वाफ धरली होती. ती वाफ कमी होई, पुन्हा दाटे. कमी होई, पुन्हा दाटे.

"माझ्याच्यानं न्हाई होत, बेटी," ते म्हणाले. "लोहाराच्यानं न्हाई झालं. तूच सुलटा कर. लेकरू हाय, किती दिवस फिरल?"

ते गेल्यावर संध्यानं तो तुकडा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीमागे ठेवला. सांज झाली, लाइट गेली, आणि गिलासातून मुंगीच्या पावलाएवढा बारीक आवाज आला.

"संधे... वर कोण आहे? सांग ना... कुणीच सांगून न्हाई राहिलं..."

संध्या अंधारात चाचपडत बरणीपाशी गेली. मग तिनं हात पुढे केला आणि दोन बोटांनी गिलास धरला.

गिलास हलला. अगदी सहज हलला. चिमटीतच उचलला जाईल, इतका सैल होता.

संध्यानं हात काढून घेतला आणि कणीक भिजवायला बसली.